सेंट्रिंग खोलाच्या आधी

नागभीड, १२ नोव्हेंबर २०२३

प्रफुल,

तुझा पत्ता पुनमनं दिला. तिच्यावर राग धरू नको. तुझी बहीण आहे, तिनं चार वर्षं तो माझ्यापासून लपवला, आता मीच तिच्या मागं लागलो. तू माझा फोन उचलणार नाई हे मले माहीत आहे, म्हणून कागदावर लिहून राह्यलो. कागद फाडता येते, पण फाडाच्या आधी माणूस दोन ओळी तरी वाचतेच.

पुनम गडचिरोलीच्या दवाखान्यातल्या नोकरीवरून दोन दिवसांच्या सुटीवर आली होती. तिच्या मोबाइलात तुझा फोटो पाह्यला. तू परांचीवर बसला आहे अन् डोक्यावर पांढरीशुभ्र कमान. मी म्हटलं, हे कुठचं? ती म्हणाली, गोव्याचं जुनं कॅथेड्रल, म्हणजे ख्रिस्ती लोकांचं मोठं देऊळ, चारशे वर्षांचं. दादा तिथी चुन्याचं काम करते. मी तो फोटो मोठा करून पाह्यला. तुझा चेहरा नीट दिसत नव्हता, पण थापी धरलेला हात दिसत होता. अंगठा पात्याच्या मुळाशी. तशी थापी आपल्या घरातच धरतात, माझ्या बापानं मले तशीच धराले लावली होती.

लहानपणी तू चुन्यात पाय घालाले रडत होता. गूळ, बेलाचा गर अन् हिरड्याचं पाणी टाकून चुना तुडवाचा, तर तू म्हणे, बाबा, साऱ्या दुनियेत सिमेंट आलं अन् तुम्ही बेल फोडत बसता. मंग मोठा होऊन ठेकेदार झाला, सिमेंटचा. आता पाहा, चुन्यापाशीच गेला.

घरचं सांगतो. तुझी आई बरी आहे, गुडघे दुखतात. ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. तू बांधलेल्या समाजमंदिराचा स्लॅब पडला त्याले नऊ वर्षं झाली अन् तू जेलातून सुटून घरी न येता परस्पर निघून गेला त्याले पाच. तिचं एकच म्हणणं आहे, बापानं पोराविरुद्ध साक्ष दिली. मी तिले दर वेळी सांगतो, मी खरं तेच बोललो. सिमेंट कमी होतं, रेती मातीची होती, हे मी पोलिसात सांगतलं अन् कोर्टातही सांगतलं. एक पोरगी मेली होती. मले खोटं बोलता आलं नाई.

दरवर्षी धान निघालं की मी पोंभुर्ण्याच्या पुढं जंगलातल्या त्या समाजमंदिराच्या गावी जातो, मेलेल्या सोमारीच्या मायकडे. पायलीभर नवे तांदूळ नेतो. बुधरीबाई काही म्हणत नाई. पाणी देते. मी पेतो अन् परत येतो. तिनं तुझं नाव कधी विचारलं नाई अन् मीही काढलं नाई.

पुढच्या महिन्यात मी गोव्याले येऊन राह्यलो. भेटाचं नसेल तर नको भेटू, मी ते देऊळ पाहून परत जाईन.

तुझा बाप,
बापूराव


जुनं गोवं, २० डिसेंबर २०२३

प्रफुल,

आज आपण भेटलो. तरी लिहून राह्यलो, कारण तिथी जे बोलाचं होतं ते राहून गेलं. बसथांब्याजवळच्या खानावळीत बसलो आहे. गाडी उद्याची आहे.

सकाळीच पोचलो होतो. बाहेरून पाह्यलं तर वाटलं, कोणीतरी अर्धं काम सोडून गेलं. डाव्या अंगाले उंच बुरूज अन् उजव्या अंगाले मोकळं आभाळ. झाडू मारणाऱ्या बाईले विचारलं, हे असं काऊन? ती म्हणाली, "तिथंही होता, बाबा. अडीचशे वर्षं झाली, पडला. मग कोणी बांधला नाय." मी म्हटलं, मंग बाकीचं कसं उभं राह्यलं? ती हसली. म्हणाली, "राहिलं. काय करणार?"

मी दारात चपला काढल्या. कोणीच काढत नव्हतं, तरी काढल्या. आत पाय टाकला अन् मान आपोआप वर गेली. प्रफुल, मी पन्नास वर्षं भिंती बांधल्या, पण इतकी मोठी डाट, म्हणजे कमानीचं छत, माझ्या डोळ्यांनी कधी पाह्यली नव्हती. नाव उलटी करून ठेवावी तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोखंड नाई, सळी नाई. इतकं वजन जाते कुठी, म्हणून मी शोधाले लागलो. मंग बाजूच्या छोट्या देवळ्या दिसल्या, दोन्ही अंगांनी रांगेत. डाट बाहेर रेटते अन् त्या देवळ्यांच्या आडव्या भिंती तिले खांदा देतात. अर्थीले चार माणसं खांदा देतात ना, तसा. बांधणाऱ्यानं ओझं एकट्यादुकट्या भिंतीवर टाकलंच नाई.

लोक सरळ समोर जात होते, सोन्याच्या कामापाशी. बाया-माणसं उभे राहून फोटो काढत होते. तेही सुंदर आहे, मी नाई म्हणत नाई. जमिनीपासून थेट वरपर्यंत सोनं चढवलेलं लाकूड, एकेक पान कोरलेलं, माणसांचे चेहरे जित्ते. पण मी भिंतीपाशी गेलो. वरून खिडकीचा उजेड तिरपा येत होता अन् भिंत दुधाच्या सायीसारखी दिसत होती. मी हात लावला. रखवालदार म्हणाला, "हात नका लावू, काका." मी म्हटलं, मी गवंडी आहे. तो म्हणाला, "असाल. तरी नका लावू." पण तेवढ्यात कळलं होतं. गार होती, गुळगुळीत होती अन् कुठीच उंचवटा नव्हता. दगडानं घोटून घोटून आणलेला चुना. नवा कुठी अन् जुना कुठी, ते मले दाखवता आलं नसतं. ते तुझं काम होतं, हे मले मागून कळलं.

आपण देव मानणारे नाई. मी हात जोडले नाईत. पण बाकावर बसून राह्यलो अन् मले खूप बरं वाटलं, हे तुले सांगावं वाटते. कित्येक वर्षांत कोणत्याच छताखाली मले बिनधास्त बसता आलं नव्हतं. घरच्या स्लॅबखालीही नाई.

मंग वर खरवडल्याचा आवाज आला. उजवीकडच्या तिसऱ्या देवळीत परांची बांधलेली होती. तुझी पाठ दिसली.

मी हाक मारली नाई. उंचावर काम करणाऱ्या माणसाले खालून हाक मारू नये, हे मीच तुले शिकवलं होतं. मी बसलो. अकरापासून एकपर्यंत बसलो. तू तीन वेळा पाणी पेला, एकदा उजवा खांदा दाबला. तो खांदा दुखते का?

एक वाजता तू उतरला. पापण्यांवर चुना, कानांजवळ केस पांढरे. आधी वाटलं तेही चुन्यानंच. तू अडतीस वर्षांचा आहे, मले धक्काच बसला. मले पाहून तू थांबला. बाजूनं जाईल असं वाटलं होतं, पण थांबला.

"आई कशी आहे?" तू विचारलं.

"बरी आहे. तिनं विचारलं, जेवतो का वेळेवर."

"जेवतो."

मी वर बोट केलं. मी म्हटलं, "काम चांगलं आहे रे. खूपच चांगलं आहे."

तू वर पाह्यलं. मंग माझ्याकडे पाह्यलं अन् म्हटलं, "खालून पाहून नका सांगू, बाबा. वर चढा, ठोकून पाहा. अन् मंग मले सांगा, ठीक आहे का नाई."

मी परांचीकडे गेलो नाई. तू थोडा वेळ वाट पाह्यली. खरंच पाह्यली, मले दिसत होतं. मंग रखवालदाराले सांगतलं, "यांले बसथांबा दाखवजो," अन् डबा घेऊन मागच्या दारानं गेला.

तू काय विचारत होता ते मले कळलं होतं. दुसऱ्या कोणाले कळलं नसतं. उत्तर मी घरी जाऊन लिहीन.

बाबा


नागभीड, २ जानेवारी २०२४

प्रफुल,

दहा दिवस झाले घरी येऊन. रोज कागद घेतो अन् ठेवून देतो. आज लिहितोच.

समाजमंदिराचा स्लॅब टाकून अकरा दिवस झाले होते. तुझा पहिला मोठा ठेका. तू मले फोन केला, "बाबा, सेंट्रिंग खोलाच्या आधी एकदा तुम्ही येऊन पाहून जा." इतकी वर्षं तू म्हणत आला होता, तुमचं चुन्याचं गेलं, सिमेंटचं तुम्हाले समजत नाई. अन् त्या दिवशी तूच बोलावलं. मी नवं धोतर नेसून आलो.

दुपारची वेळ होती. सरपंच होते, गावची चारपाच माणसं होती. उद्घाटनाची तारीख ठरली होती, म्हणून तुले उद्याच स्लॅबखालचे बल्ल्या-फळ्यांचे टेकू खोलाचे होते. तू सगळ्यांसमोर म्हटलं, "माझे बाबा आले. यांनी हो म्हटलं की झालं." मी थापीच्या दांड्यानं एकेक खांब ठोकत गेलो. पक्क्या भाजलेल्या मडक्यासारखा खणखणीत आवाज आला पाह्यजे. तीन खांब बरे बोलले. चवथा, मागच्या अंगाचा, विहिरीकडचा, तो पोकळ बोलला. मी पुन्हा ठोकला. पुन्हा तसाच. नखानं खरवडलं तर रेती बोटावर आली.

आजपर्यंत मी सगळ्यांले सांगत आलो की सिमेंट कमी होतं हे मले स्लॅब पडल्यावर कळलं. तुलेही तेच वाटत असेल. तुले वाटत असेल, म्हाताऱ्याले ठोकून कळलं नाई, म्हणून "ठीक आहे" म्हटलं, अन् पडल्यावर हरिश्चंद्र झाला.

मले कळलं होतं.

तू विचारलं, "बाबा?" तुझा चेहरा एवढा उजळ होता. सरपंच पाहत होते. मजुरीवर आलेली सोमारी खाली बल्ल्या सारत होती. ती मले म्हणाली होती, "बाबा, बाजूले व्हा, बल्ली लागंल." वीस वर्षांची पोरगी. मी मनात म्हटलं, चारचौघांत पोराची इज्जत कशाले घालवाची, संध्याकाळी एकट्याले सांगीन. अन् तोंडानं म्हटलं, "ठीक आहे."

संध्याकाळी तू पेढे आणले. तू मले पहिल्यांदा खांद्यावर हात टाकून घेऊन गेला सगळीकडे. मी मनाले समजावलं की मी चुन्याचा माणूस, सिमेंटचा आवाज वेगळा येत असेल. हे मी स्वतःले सांगतलं अन् जेवलो, झोपलोही. सकाळी दहाले टेकू खोलताना मागचा खांब गेला अन् स्लॅब सोमारीवर आला.

पोलीस जमादारानं मले पहिल्याच दिवशी विचारलं, "बापूराव, तुम्ही जुने मिस्त्री. तुम्हाले आधी काही दिसलं होतं का?" मी म्हटलं, "नाई." मंग सिमेंटचं सगळं सांगत सुटलो. कोर्टात वकिलानंही विचारलं. तिथीही नाई. सगळं खरं सांगतलं अन् त्याच्या मधात हे एक खोटं ठेवलं. लोकांनी माझी वाहवा केली, की असा बाप पाह्यजे.

अन् तू कोर्टात उभा होता. तू एका शब्दानं म्हणू शकला असता, "माझ्या बापानंच तपासून हो म्हटलं होतं." सरपंचाले त्याची आठवणही करून देऊ शकला असता. मी पिंजऱ्यातल्या तुझ्याकडे पाहत होतो, वाटे, आता बोलते, आता बोलते. तू बोलला नाई. दोन वर्षं जेलात काढली, पण माझं नाव घेतलं नाई. मले आधी वाटलं, तुले सुचलं नसेल. मंग कळलं, तू मले वाचवत होता. ज्या बापाले काही कळलं नाई असं तुले वाटत होतं, त्याले.

सिमेंट तू कमी टाकलं, ते तुझं. ते मी माझ्यावर घेत नाई. पण ती पोरगी वाचवाले एक शब्द पुरे होता, अन् तो माझ्या तोंडात होता.

हे मी कोणाले सांगतलं नव्हतं. तुझ्या आईलेही नाई.

बाबा


नागभीड, ३० मार्च २०२४

प्रफुल,

तुझं पत्र आलं नाई. मी वाटही पाह्यली नाई असं लिहिलं तर खोटं होईल. रोज दुपारी पोस्टमनची सायकल पाहतो.

तुझ्या आईले सांगतलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून हात थांबला नाई तिचा. सूप रिकामं झाल्यावर म्हणाली, "नऊ वर्षं मी तुमच्याशी धड बोलली नाई, तुम्ही पोराविरुद्ध खरं बोलले म्हणून. अन् तुम्ही तेही पुरं बोलले नव्हते." मंग आत गेली. दोन दिवस पुनमकडे राहून आली. परत आल्यावर जेवाले वाढलं. तिनं तुझा फोटो भिंतीवर लावला आहे.

मंग मी पोलीस ठाण्यात गेलो. आता तिथी नवीन साहेब आहेत, तुझ्यापेक्षा लहान. त्यांनी खुर्ची दिली, सगळं ऐकलं. म्हणाले, "आजोबा, केस संपली. ज्याला शिक्षा व्हायची ती झाली. आता हे लिहून घेऊन मी काय करू? घरी जा, आराम करा." मी म्हटलं, लिहून तर घ्या. ते म्हणाले, "जा, आजोबा." वाईट वागले नाईत. पण बाहेर येऊन मी पायरीवर बसलो तेव्हा समजलं, हे ऐकून घेण्याचा हक्क ज्या माणसाचा आहे, त्याच्याकडे मी अजून गेलोच नव्हतो. तांदूळ घेऊन दरवर्षी जात होतो तेवढाच.

परवा गेलो. या वेळी तांदूळ नेले नाईत.

बुधरीबाई मोहाखाली होती. फुलं पडाचे दिवस आहेत, टोपली अर्धी भरली होती. मले पाहून तिनं सवयीनं म्हटलं, "येर?" गोंडीत पाण्याले येर म्हणतात, तेवढा शब्द मले इतक्या वर्षांत समजाले लागला. मी म्हटलं, "आज पाणी नको, बाई. आधी ऐका." अन् उभ्या उभ्याच सांगतलं. खांब, आवाज, रेती, सरपंच, पेढे, सगळं. सोमारीनं मले बाजूले व्हा म्हटलं होतं, तेही.

ती फुलं वेचत राह्यली. मले वाटलं, तिले माझं बोलणं समजलं नाई. म्हणून पुन्हा सांगाले लागलो. तशी ती म्हणाली, "समजलं. एकदा समजलं ना."

मंग टोपली भरत आली. तिनं विचारलं, "तुले ठाऊक होतं, तवा ती खाली होती?"

"होती."

"तुले दिसत होती?"

"दिसत होती."

तिनं टोपली उचलली, पुन्हा खाली ठेवली. म्हणाली, "मी समजत होती, हा चांगला माणूस आहे. पोराच्या पापासाठी उन्हातान्हात येते. माझ्या घरात मी तुले दरसाल पाणी दिलं, बापूरावभाऊ. गावातल्या बाया म्हणत, त्याले काऊन पाणी देते? मी म्हणे, त्याचा काही दोष नाई."

मी खाली बसलो. तिच्या पायाले हात लावाले गेलो, तर तिनं पाय मागं घेतले.

"आता येऊ नको," ती म्हणाली. रागानं नाई बोलली. थकलेल्या माणसासारखी बोलली. "तांदूळ आणू नको. काही आणू नको. सांगतलं, बरं केलं. पण आता येऊ नको."

मी निघालो. वीस-पंचवीस पावलं गेलो असेन, तर तिनं मागून विचारलं, "तुझा पोरगा कुठी राहते?"

मी सांगतलं, लांब, गोव्याले. जुनं देऊळ दुरुस्त करते.

"त्याले म्हणा," ती म्हणाली अन् थांबली. मी वाट पाह्यली. "नाई. तू नको म्हणू काही. त्याचं त्याले समजंल तं समजंल."

तरी मी लिहिलं. जे घडलं ते सगळं लिहाचं, एवढंच मी ठरवलं आहे.

बाबा


नागभीड, ३ मे २०२४

प्रफुल,

पुनमचा फोन आला. तू तिकीट काढलं म्हणे, आठ दिवसांसाठी. तुझी आई सकाळपासून घर झाडून राह्यली. दोनदा झाडलं. मले म्हणाली, "त्याले पत्रं मिळाली बरं का." ती आता माझ्याशी बोलते.

पण तू नागभीडले येऊ नको. म्हणजे लगेच येऊ नको.

बल्लारशाले उतर. तिथून पोंभुर्ण्याची बस मिळते. पोंभुर्ण्याच्या पुढं जीपवाले जातात, सकाळी दोन अन् दुपारी एक. गाव तुले माहीत आहे. समाजमंदिराच्या जागेवरून जाऊ नको, तिथी आता नुसता चौथरा आहे, गावचे लोक जमतात. तळ्याच्या पाळीनं जा. पाळ संपली की शेवटचं घर, कुडाचं, समोर सागाचा खांब गाडलेला. बुधरीबाई दुपारी घरीच असते. तिले कमी दिसते आता, म्हणून दुरूनच तुझं नाव सांग, पूर्ण नाव, माझ्या नावासकट.

ती आत ये म्हणणार नाई कदाचित. उभा राहा. जा म्हटलं तर जा, पण तिनं म्हणेपर्यंत उभा राहा. सिमेंटचं तुझ्या तोंडानं सांग. जेल झाली, भोगली, ते सांगू नको, तिले त्याचं काही नाई. माझी बाजू तर मुळीच घेऊ नको.

मी सोबत आलो असतो, प्रफुल. तुझ्याबरोबर त्या पाळीवरून चालावं असं फार वाटते. पण मले तिनं येऊ नको म्हटलं आहे. तुले एकट्यालेच जावं लागेल.

तिकडून निघाला की मंग घरी ये. आई वाट पाहून राह्यली. मीही.

बाबा